बेंदराची जीप

बेंदूर चार दिवसांवर आला होता. बाकी मुलखात श्रावण सरताना पोळा करतात, आमच्याकडं त्याआधीच, आषाढात, बेंदूर असतो. ऊस कमरेला लागलेला असतो, मळ्याकडं जाणारी पाणंद चिखलानं भरलेली असते आणि बायका बैलांच्या झुली काढून वळचणीला वाळत घालतात. आता बैल उरलेत कुणाकडं? पण झुली आहेत. बैल विकले तरी झूल कुणी विकत नाही. कुंडलच्या पलीकडच्या आमच्या गावात ट्रॅक्टरच्या सीटवर झूल टाकलेली मी बघितली आहे. हसू नका. मी त्याच्याही पुढचं केलंय.

कुंभाराची शालन पाटीत मातीची बैलं घेऊन दारोदार फिरत होती. दर साली आमच्या उंबऱ्यावर जोडी ठेवते आणि सुपातलं धान्य घेऊन जाते. औंदा दारासमोर आली, जरा थबकली आणि पाटी डोक्यावर तशीच ठेवून पुढं निघाली.

मी सोप्यातनं हाक मारली, "का गं शालन, आमची जोडी?"

"दादा, औंदा तुमच्यात..." तिनं पाटी सावरली. मग हळूच म्हणाली, "वयनीला जाऊन वरीस न्हाई झालं. सण कसा करणार?"

"बेंदूर माणसाचा न्हाई, जनावराचा सण हाय. जनावराला दुखवटा असतोय व्हय?"

"तुमच्यात बैल हाय कुठं आता? दोन म्हशी हायत, त्यांचा न्हाई बेंदूर."

मी बोट दाखवलं. गोठ्याच्या कडेला, ताडपत्रीखाली, माझी जीप उभी होती. शालन आधी हसली. या गोष्टीला गावात सगळे आधी हसतात. मग तिनं पदर डोळ्याला लावला. "वयनी असत्या तर पाटीतली थोराड जोडी निवडून घेतली असती, आणि वर मलाच चार गोष्टी ऐकवल्या असत्या."

"मग मी ऐकवतो. ठेव हितं."

तिनं जोडी ठेवली. धान्य मी स्वतः सुपात घालून दिलं. हौसा घालायची तेव्हा सांडायचं नाही. माझ्या हातनं सांडलं.

हौसा म्हणजे माझी बायको. दिवाळीनंतर गेली.

त्याच दिवशी जेवताना विलासनं विषय काढला. विलास माझा मुलगा, पलूसला खताचं दुकान चालवतो, माणूस वाईट नाही. म्हणाला, "आबा, खंडाळ्याच्या बाजूचा एक हॉटेलवाला हाय, हायवेला. त्याला मोबाईलवर जीपचा फोटो धाडला होता. पसंत पडली. पुढच्या रविवारी ट्रेलर घेऊन येतो म्हणतोय."

"काय करणार तो तिचं?"

"दारात चौथरा बांधून वर ठेवणार. दिवे सोडणार, बॉनेटमध्ये फुलांच्या कुंड्या लावणार. लोकं फोटो काढत्यात. शोपीस."

मी चौथी शिकलोय. पण शब्द कळला नाही तर विचारायची लाज मला कधी वाटली नाही. "शोपीस म्हंजे?"

"शोभेची वस्तू."

"मग चालायची न्हाई ती?"

"इंजिन काढून टाकतील की. त्याला कशाला लागतंय?"

"मग मलाबी घेऊन जा म्हणावं. असल्या हाटेलांच्या दारात फेटा बांधून एक म्हातारा उभा करत्यात, येणाऱ्याला मुजरा घालायला. जीपचं काम ट्रॅक्टर करतो म्हणून जीप शोभंला. माझं काम तू करतोस म्हणून मी शोभंला. एकाच चौथऱ्यावर बसीव दोघास्नी."

सुनेला, सुरेखाला, पाणी पिता पिता ठसका लागला. विलास हसला नाही. त्यानं हातातला घास ताटात ठेवला.

"आबा, तुमचं डोळं अधू झालं. गेल्या म्हैन्यात गाडी काढलीसा आणि गोठ्याची भिंत पाडलीसा. आई गेली. आता तुमीबी त्या लोखंडातच मरायचं ठरीवलंय काय?"

भिंत मी पाडली होती, हे खरं आहे.

आषाढातल्या या दिवसांना एक वास असतो. ओल्या शेणाचा, तिळाच्या तेलाचा, शिंगांना लावायच्या तांबड्या हुरमुंजाचा. तो नाकात गेला की मी सरळ त्या सालात जाऊन उभा राहतो, ज्या साली मी बैल विकले आणि जीप घेतली.

एक बैल हरण्या, घरचाच. दुसरा माण्या. तो हौसाच्या माहेरचा. ती म्हसवडकडची, कोरड्या मुलखातली. लग्नात तिच्या बापानं भांडी दिली नाहीत, खिलार खोंड दिलं. "आमच्याकडं पाणी न्हाई, पर बैल हायत," असं म्हणून त्यानं कासरा माझ्या हातात ठेवला होता. तो माण्या मी विकला. का? मला जीपची हौस होती म्हणून. वडाप करीन, चार माणसं बाजाराला नेईन आणीन, असं लोकांना सांगत होतो. पण हौस होती, हेच खरं. दुसरं कारण सांगितलं तर खोटं होईल.

हौसा आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. घरात बोलायचं काम पडलं की म्हशीशी बोलायची, मला ऐकू जाईल असं. "म्हशीबाई, ज्याला च्या पायजे त्यानं चुलीपसनं घ्यावा." "म्हशीबाई, कुणाचं तरी धोतर दोरीवर हाय, पाऊस आला म्हणावं." म्हैस रवंथ करायची आणि मी मुकाट्यानं धोतर काढून आणायचो.

जीप आणली बापूनं. बापू म्हणजे आमचा हवालदार, फौजेत ड्रायव्हर होता, पेन्शनीत आलेला. मिलिटरीच्या जुन्या गाड्यांचा लिलाव होता, तिथनं त्यानं ती चालवत आणली. हिरवा रंग उडालेला, अंगावर पुसट आकडे, काच पुढं बॉनेटवर आडवी पाडलेली. मागच्या बाजूला पांढऱ्या अक्षरांत 'लेफ्ट हँड ड्राइव्ह' लिहिलेलं. अख्खं गाव बघायला आलं. दारं नाहीत, टप नाही, बसायला पत्र्यासारख्या सीटा. एक म्हातारी म्हणाली, "आगं बाई, अजून पुरी झाली न्हाई वाटतं."

बापू चिडला. बॉनेटवर हात ठेवून त्यानं तिथंच सगळ्यांना सांगितलं, "हिला नावं ठिऊ नगा. हिचा जन्म लढाईतला हाय. गोऱ्यांच्या लढाईत घोडं दमायचं तिथं ही जायाची. लढाई संपली, गोरं गेलं, ही हितंच ऱ्हायली. मग आपल्यात बनाय लागली. आपल्या फौजंनं हिला डोंगरावर नेली, बर्फात नेली, नदीतनं काढली. म्हातारी झाली तशी लिलावात काढली. माजंबी तसंच झालं. मला पेन्शन हाय, हिला न्हाई, एवढाच फरक."

मला त्यानं मळ्यात नेऊन शिकवलं. डावा पाय क्लच, उजवा पाय ब्रेक. डोक्यात नीट बसलं होतं. पण डोकं शिकलं म्हणून हातपाय शिकत नाहीत. वस्तीवर परत येताना गोठ्याजवळ कोंबडी आडवी आली. मी दोन्ही हातांनी स्टेअरिंग छातीकडं ओढलं, दोन्ही पाय वर आखडले आणि जीव खाऊन ओरडलो, "हो! हो! हो रं माण्या!"

जीप कशाची थांबते. कोंबडी वाचली, जीप उकिरड्यात. शेण उडालं ते बापूच्या मिशांपर्यंत. "कासरा न्हाई रं त्यो, गड्या! कासरा न्हाई!" बापू ओरडत होता आणि मी अजून ओढतच होतो.

हौसा दारात उभी होती. आठ दिवसांनी ती मला पहिलं वाक्य बोलली. "बैल असता तर थांबला असता."

बेंदराच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. ज्या खांद्यावर वर्षभर जू घेतलं, त्या खांद्याला हळद आणि तूप चोळायचं. ओढून ओढून घट्टे पडलेले असतात तिथं हात फिरवायचा. आमच्या गोठ्यात दावं रिकामं होतं. मी तोंड चुकवून सोप्यात बसलो होतो. तर हौसा हळदीची वाटी घेऊन बाहेर आली आणि जीपभोवती एक चक्कर मारली. दुसरी मारली. मग बापूला म्हणाली, "भाऊजी, हिचा खांदा कुठला?"

बापूला त्या गाडीचा नटन् नट ठाऊक होता. पण खांदा सापडेना. इंजिन दाखवलं तर हौसा म्हणाली, "ते प्वाट झालं." स्टेअरिंग दाखवलं तर म्हणाली, "ती येसण." शेवटी बापूनं चाकावरच्या मडगार्डवर हात ठेवला. "वयनी, हिची चारी चाकं वढत्यात. बाकीच्या गाड्यांची दोनच. ह्यो दांडा टाकला की पुढचीबी वढाय लागत्यात. म्हणून तर ही चिखलात अडकत न्हाई."

"मंजे चार खांदं," हौसा म्हणाली. आणि तिनं चारी मडगार्डांना हळद-तूप चोळलं. माझ्याकडं न बघता म्हणाली, "माण्याच्या जागी आली हाय. उपाशी ठिऊ का तिला?"

फोर-व्हील म्हणजे काय, हे आजवर मला त्यापेक्षा नीट कुणी सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी बॉनेटला हुरमुंज, पुढच्या जाळीला बाशिंग, बंपरवर केळीच्या पानात पुरणपोळी. काचेवर तिनं कुंकवाची पाच बोटं ओढली. आणि म्हणाली, मिरवणुकीला ही पण जाणार. बेंदराच्या दिवशी ऊन कलताना गावातली बैलं वाजतगाजत वेशीत नेतात. वेशीला गवताची आणि पानांची दोरी आडवी बांधलेली असते, तिला कर म्हणतात. मानकऱ्याचा बैल पहिला येतो आणि ती कर तोडतो. पिढ्यान् पिढ्या तेच घराणं, तोच मान. मग बाकीची बैलं मागनं.

आम्ही सगळ्यात मागं होतो. बापूनं बजावलं होतं, "काच आडवी कर, वेशीत अडकंल." मी केली नाही. आडवी केली असती तर हौसानं ओढलेलं कुंकू दिसलं नसतं. वेशीजवळ हलगी कडाडली, मानकऱ्याचा बैल बुजला आणि बाजूला उधळला, माणसं पांगली. मी ब्रेकवर म्हणून पाय दिला, तो ब्रेक नव्हता. जीप मोकळ्या झालेल्या वाटेतनं पुढं गेली आणि काचेच्या चौकटीनं कर तोडली.

हलगी थांबली. एवढी शांत वेस मी पुन्हा कधी बघितली नाही.

मग गलका. "लोखंडानं कर तोडली!" "गावावर बालंट आणलं!" कुणी म्हणालं गाडी जाळा, कुणी म्हणालं मला जाळा. मानकरी म्हातारा होता, शहाणा होता. त्यानं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि माझ्यापुढं येऊन उभा राहिला. "मान घेतलास न्हवं माजा? मग भारबी घे. पुढच्या बेंदरापातूर गावात कुणाचं अडलं, की तुजी गाडी. बाळंतीण असू दे, इचू-किरडू चावू दे, कुणाची लेक सासरी पोचवायची असू दे. न्हाई म्हणायचं न्हाई. कबूल?"

मी खाली मान घालून उभा. तेवढ्यात मागं बायकांच्या घोळक्यातनं हौसाचा आवाज आला. तिथं बाईनं बोलायची रीत नव्हती.

"न्हाई म्हणायला बैलाला तोंड कुठं असतंय? हिलाबी न्हाई. कबूल हाय."

मानकरी हसला. म्हणाला, "गाडीला न्हाई, पर गाडीवालीला हाय की."

वर्षभराचा दंड होता. पुढचा बेंदूर आला तेव्हा मी म्हणालो, जाऊन विचारतो, सुटलो का म्हणून. हौसानं मला दारात अडवलं. "इचारायला गेलासा तर काढून घेतील. गप बसा." तिला तो दंड वाटतच नव्हता. माहेरचा बैल जाऊन त्याच्या जागी तिला काय मिळालं, हे तिला माझ्या आधी कळलं होतं. तेव्हापासून गावानं कधी दंड उठवला नाही आणि आम्ही कधी विचारलं नाही.

किती जणांना नेलं ते मी मोजलं नाही. नदीच्या पुलाअलीकडं, भर दुपारी, मागच्या सीटवर एक पोरगं जन्माला आलं. हौसानं स्वतःच्या लुगड्यात गुंडाळलं. ते आज शाळेत गुरुजी आहे, पोरांना दमात घेतं, पण गाव अजून त्याला जीप्या म्हणतं. पुरात पलीकडच्या वस्तीवरची माणसं काढली. नवऱ्या नेल्या, रुसलेले जावई परत आणले, एकदा आजारी रेडकू जनावरांच्या डॉक्टरकडं नेलं आणि त्यानं वाटेत सीट खाल्ली. दोघं जण परत आले नाहीत. त्यांची नावं मी लिहीत नाही, त्यांच्या घरच्यांना ठाऊक आहेत. ते अजून मला रामराम घालतात.

हौसा बहुतेक वेळा बरोबर असायची. गाडी डाव्या हाताची, म्हणजे चालवणारा डावीकडं, आणि ती उजवीकडं. बाकीच्या गाड्यांत ड्रायव्हर बसतो त्या जागी. लांबनं बघणाऱ्याला दिसायचं काय, तर नऊवारीतली बाई ड्रायव्हरच्या जागेवर मांडीवर हात ठेवून निवांत बसली आहे आणि गाडी आपोआप चाललीय. म्हसवडला तिच्या माहेरी पहिल्यांदा गेलो तेव्हा तिथल्या बायका बांधावर उभ्या राहून ओरडत होत्या, "आगं बघा, हौसी हात सोडून गाडी चालवतीया!" हौसानं मला कोपरानं डिवचलं. "खाली वाका," म्हणाली. मी वाकलो. रस्ता निम्मा दिसत होता. तेवढ्या बांधापुरता तिचा रुबाब मी मोडू दिला नाही.

त्या काळात जीपवाले एकमेकांना बघून हात करायचे. म्हसवडकडं एक मेंढपाळ होता. कळप पायी चालायचा आणि चार दिवसांची कोकरं जीपच्या मागं, टोपलीत. तो म्हणायचा, "ही माजी मेंढीच हाय, फकस्त दूध देत न्हाई." कराडच्या रस्त्याला एक वडापवाला होता, तो आत इतकी माणसं भरायचा की स्वतः अर्धा बाहेर लोंबकळून चालवायचा, आणि वर पुढच्या स्टॉपला विचारायचा, "आणि कोण हाय का?" सगळ्यांचं रडगाणं एकच. पाऊस आला की आत बसून छत्री उघडायची, थंडीत दात वाजायचे, धुळीनं भुवया पिकायच्या. आणि विकतो का म्हणून विचारलं की सगळे खवळायचे. आता त्याच तोंडवळ्याच्या नव्या गाड्या येतात. आत गारवा, गाणी, मऊ सीटा. येऊ देत. पण माझ्या भाच्याच्या पोरानं तसली घेतलीय, तो पाणंदीच्या तोंडाशी ती उभी करतो आणि चपला हातात घेऊन वस्तीवर चालत येतो. गाडीला चिखल लागू नये म्हणून! मी म्हणालो, "बाळा, मग ही कशाला घेतलीस? पलंग घ्यायचा." तो आता येत नाही.

दिवाळी झाली आणि हौसाच्या छातीत दुखायला लागलं. विलासनं त्याच्या चारचाकीतनं सांगलीला नेलं. काचा बंद होत्या. ती सारखी म्हणत होती, "काच खाली घ्या, मला वारं लागंना." धुळीनं त्रास होईल म्हणून विलास घेत नव्हता, त्याचंही खरं होतं. जीप घरीच होती. बॅटरी उतरलेली होती. चार महिने मी आज चढवू, उद्या चढवू करत होतो. अख्ख्या गावाचं अडलं तेव्हा माझी गाडी दारात उभी होती. माझं अडलं तेव्हा नव्हती. गाडीचा दोष नाही त्यात, माझा आहे. दवाखान्यात ती पाच दिवस होती. तिथली खिडकी उघडत नव्हती.

हे मी विलासला बोललो नाही. सुरेखाला बोललो नाही. इथं लिहितोय, कारण लिहिताना कुणी मधे समजूत घालत नाही.

तेराव्यानंतर मी पहिलं काय केलं, तर बॅटरी आणली. लोक म्हणाले, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, बायको गेली आणि हा बॅटरी आणतोय. म्हणू देत. माझ्या दारात चालती गाडी उभी राहिली पाहिजे, मग कुणाचं अडो न अडो. भिंत पाडली ती त्याच नादात. आणि ज्या गाडीनं इतकं ओढलं तिच्या पोटातनं इंजिन काढून तिथं फुलं लावायची? सांगा मला. फुलं मेलेल्यावर टाकतात.

खांदेमळणीच्या दिवशी मी हळद-तूप कालवलं आणि ताडपत्री काढली. विलास दुकानाला निघाला होता. बघितलं, चप्पल घातली आणि गेला. भावकीतला एक जण रस्त्यावरनं म्हणाला, "दुखवट्याच्या घरात हळद?" मी म्हणालो, "तुज्या घरात न्हाई, माज्या घरात हाय. जा पुढं." एक खांदा झाला, दुसरा झाला, तिसऱ्याला गुडघा अडला. मी मडगार्ड धरून तसाच खाली बसलो, उठता येईना.

सुरेखा आली. मला उठवलं नाही. माझ्या हातातली वाटी घेतली, तिसरा खांदा पुरा केला, चौथा मळला आणि पदराला हात पुसत म्हणाली, "मामा, चारी चाकं वढायला लावायचा दांडा यातला कुठला?"

"तुला काय करायचाय?"

"ह्यांची गाडी मी पलूसपातूर नेती की. ही शिकवा मला."

"विलास काय म्हणंल?"

"तुमी चालवू नये म्हणाल्यात. मी चालवू नये असं कवा म्हणाल्यात?"

मी तिच्याकडं बघत राहिलो. चौदा वर्षं ही बाई माझ्या घरात आहे आणि एवढं मोठं वाक्य मला पहिल्यांदा ऐकू आलं. कदाचित आधीही बोलली असेल. घरात दुसरा आवाज मोठा होता.

"कागद संपलेत हिचे," मी म्हणालो. "डांबरीला न्यायची न्हाई."

"पाणंदीला कोण कागद इचारतंय?"

बेंदूर झाला. पुरण सुरेखानंच शिजवलं. विलास जेवला, हात धुतला आणि जीपला एक फेरी मारून आला. एवढंच म्हणाला, "आबा, हॉटेलवाल्याला तुमीच सांगा. मी न्हाई सांगणार." बायकोला म्हणाला, "भिंतीपसनं लांब फिरव." तिच्यावर तो चिडला नव्हता. मी त्या सीटवर बसणार नाही, एवढ्यानंच त्याचा चेहरा सैल झाला होता.

तीन दिवस मी बांधावर उभा राहून ओरडलो आणि ती मळ्यात फिरवत राहिली. माझ्यापेक्षा लवकर शिकली. तिच्या हातात कधी कासरा नव्हता, त्याचा फायदा असेल. गिअर घासला की मी शिव्या द्यायचो. ती म्हणायची, "मामा, शिव्या क्लचला द्या, मला नगा." पाणंदीच्या मधोमध पाणी साचतं तिथं पहिल्या दिवशी चाकं फिरत राहिली, चिखल उडत राहिला. मी दांडा टाक म्हणून सांगायच्या आत तिनं टाकला. जीपनं एकदा अंग झाडलं आणि वर आली.

रविवारी सकाळी ती एकटीच कडवळ आणायला गेली. म्हशींना वैरण नव्हती आणि पाणंदीत विलासची मोटारसायकल सुद्धा जात नव्हती. मी वाटेत उभा होतो. खिशातला फोन वाजला. हॉटेलवाला होता, नंबर विलासनं दिलेला, ट्रेलर घेऊन निघालो म्हणत होता.

"येऊ नगंस," मी म्हणालो. "गाडी कामात हाय."

"कामात? आवं बाबा, म्युझियमची गाडी ती. कसलं काम?"

"वैरणीचं."

"बरं, मग रिकामी कवा होईल? पुढच्या रविवारी येऊ?"

"म्हस खायाची थांबली की कळीवतो."

तो हसला, त्याला गंमत वाटली. म्हणाला, "बाबा, तिथं कशी दिमाखात ऱ्हाईल बघा. दिवे, फुलं, रोज पुसणार."

"पुसून काय करू? उद्या पुन्हा चिखल लागणार हाय."

तो आणखी काहीतरी बोलत होता. मला ऐकू येईना, कारण वळणावरनं जीप आली होती. मागं कडवळाचे भारे सीटच्या वर गेलेले, एक भारा बॉनेटवर, आणि स्टेअरिंगवर सुरेखा, पदर कमरेला खोचलेला, कपाळावर चिखल. पाणंद अरुंद. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला पाट, आणि मधोमध मी फोन कानाला लावून उभा.

"मामा, बाजूला सरा!" ती ओरडली.

सरलो.